काजळीची नऊ अंडी

सकाळी सहाला वीज गेली, तेव्हापासून ती दोन रजयांखाली एका कुशीवर पडून होती. स्वेटरच्या आत, पोटाशी नऊ अंडी. बाहेर बादलीतल्या पाण्याचा बर्फ झाला होता आणि कोपऱ्यातली उबवणीची पेटी थंडगार पडली होती.

बाबा खोलीत येरझाऱ्या घालत होते. निवृत्त स्टेशनमास्तर. काजळी कोंबड्यांचं अस्सल वाण त्यांनी तीस वर्षं जिवापाड जपलं होतं. यंदा एकुलता एक कोंबडा गारठून मेला आणि अंडी उबवायला एकही कोंबडी खुडूक बसेना. ही नऊ अंडी शेवटची. आज उबवणीचा विसावा दिवस होता; एकविसाव्याला पिल्लं बाहेर येतात.

"बाबा, माझी साडेनऊची बस आहे."

"माहीत आहे मला."

"आज हजर झाले नाही तर ग्रंथालयवाले दुसरीला घेतील. नेमणुकीच्या पत्रातच लिहिलंय तसं."

"एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? मी बोलतो त्यांच्याशी."

बोलायला बाबा पटाईत. कॉलेजात बोलून आले, शिवणाच्या दुकानात बोलून आले, तिला मागणी घालणाऱ्या माणसाशीही बोलून आले. आई नाही, घर हिच्यावरच आहे, म्हणाले. सगळ्यांना पटलं. तिला आता एकोणचाळिसावं चालू होतं.

"मग तुम्हीच घ्या ना कुशीत."

"मी? मला घडीघडी उठावं लागतं. आणि असं एका जागी जखडून पडायचं म्हणजे... छे, माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

तिचा खालचा हात बधिर झाला होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले.

तिने स्वेटरमध्ये हात घातला आणि एकेक अंडं काढून उशीवर ठेवलं. नऊच्या नऊ. मग उठून बसली.

"अगं, अगं, काय करतेस? गारठतील ना ती!"

"मग लवकर या."

बाबा चपला न काढताच अंथरुणात शिरले. तिने त्या काढल्या. त्यांच्या स्वेटरमध्ये अंडी नीट लावून दिली, रजया मानेपर्यंत ओढल्या, कडा अंगाखाली खोचल्या.

"मला आता हलता येणार नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि उठावंसं वाटलं तर?"

"शेजारच्या काकूंना सांगून जाते. त्या येतील, चहाही आणतील."

तिने बूट घातले, मफलर गुंडाळला, पत्र पर्समध्ये टाकलं.

"थांब! थांब जरा!" बाबांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "आतून चिवचिव ऐकू येतेय गं. जिवंत आहेत! ये ना, ऐक तरी!"

तिचा हात कडीवर होता.

"ऐकलंय, बाबा. सात वाजल्यापासून ऐकतेय," ती म्हणाली आणि तिने कडी काढली.