भातुकलीतली कपबशी
वादळाची वर्दी आली की आई एकूणएक भांडं पाण्यानं भरायची. भातुकलीतली कपबशीसुद्धा सोडायची नाही. “भरून ठेव गं, नळाचा भरवसा नाही.” लेक खिदळायची, “अगं, बाहेर आभाळ फाटतंय आणि तुला पाण्याची चिंता?” आज तीच लेक बाळाला कडेवर घेऊन सकाळपासून बादल्या, पातेली, दुधाच्या बाटल्या भरत होती. वाऱ्यानं खिडक्या दणदणत होत्या. दहाव्या खेपेला माहेरी फोन लागला. “पाणी भरलंस का?” आईनंच विचारलं. “भरलं. आणि तू?” “भरली की, तुझी कपबशी.” आई हसली. “गुडघ्यांना आता तेवढंच झेपतं बाई!” फोन तुटला, पुन्हा लागलाच नाही. मग तिनं माहेरच्या गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, “कुणी वाचत असाल, तर वारा पडला की हिरव्या दाराची कडी वाजवा. आत आई एकटी आहे. तिची बादली भरून द्या.”