ताप उतरल्यावर

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा, मुलुंडच्या भाऊंची गोष्ट ऐका. फ्लूने त्यांची छाती अशी धरली की ऑक्सिजन लावावा लागला. ताप उतरला, धाप थांबली, तसे भाऊ हॉस्पिटलच्या पलंगाखाली चपला शोधू लागले. संध्याकाळी देवळात कीर्तन होतं आणि झांजेला दुसरा माणूस नव्हता.

“काका, थांबा,” डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या. “हृदयाला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं. तुमचं वाढलंय. अशांना ताप उतरल्यावरही धोका असतो.”

“अहो डॉक्टरबाई, मी ठणठणीत आहे. संपलं आजारपण.”

तेव्हा त्यांच्या पत्नी, शुभाताई, दारात आडव्या उभ्या राहिल्या. “मध्यंतरात बुवांना हार घातला, की कीर्तन संपलं समजून लोक उठतात. त्यांना देवळाच्या दारात कोण अडवतं हो? काय सांगता त्यांना?”

भाऊंचा चेहरा पडला. “उत्तररंग बाकी आहे, खरी कथा पुढेच आहे म्हणून.”

“मग बसा खाली.”

भाऊ फुरंगटून बसले. संध्याकाळी तिकडे नमन सुरू व्हायला आणि इकडे भाऊंच्या काळजाचा ठेका चुकायला एकच गाठ पडली. मॉनिटर वाजला, सिस्टर धावल्या, इंजेक्शन दिलं, आणि ठेका पुन्हा जागेवर आला.

डोळे उघडून भाऊ हळूच म्हणाले, “शुभा, आता आरती झाल्याशिवाय उठत नाही गं.”

तर मंडळी, ताप उतरल्या उतरल्या तुमचाही पाय घराकडे वळू लागला, तर दारातल्या शुभाताईंना तेवढं आठवा.