विजयाची डुबकी

केंब्रिजच्या शर्यतीत पुढच्या नावेला मागून धडक दिली की जिंकलं; मग वल्हेकरी आपल्या सुकाणूवाल्याला आनंदाने नदीत फेकत. १८६३ साली सुकाणू पिमच्या हाती होतं आणि त्याला पोहता येत नव्हतं. त्याने हे कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण त्याचं कॉलेज कधी जिंकतच नसे. आज मात्र पुढची नाव हातभरावर आली.

"पिम, दोरी ओढ!" पुढ्यात बसलेला वल्हेकरी हार्बॉटल ओरडला.

पिमने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि सुकाणूची दोरी ओढली. धडक बसली!

काठावर येताच आठही वल्हेकऱ्यांनी त्याला उचललं.

"अरे, मला पोहता येत नाही रे!"

तोवर तो पाण्यात पडून हातपाय झाडत होता.

"गाढवा, उभा राहा की!" हार्बॉटल म्हणाला.

पिम उभा राहिला. पाणी छातीपर्यंतच होतं.

"पुन्हा फेका!" तो ओरडला.