पोहण्यास योग्य

पाण्यात मैला सापडूनही तपासनीस बाईंनी साहेबांच्या दबावापुढे मान तुकवली आणि किनाऱ्यावर 'पोहण्यास योग्य' अशी पाटी लावली. रोज पोहायला येणाऱ्या काकांनी विचारलं, "बाई, उतरू ना?"

"उतरा की," बाई म्हणाल्या.

पंधरवड्यात काका तापाने गेले.

बाईंनी त्याच दिवशी पाटी उपटून प्रयोगशाळेत कुलपात ठेवली. सकाळी ती पुन्हा किनाऱ्यावर उभी होती, ओलीचिंब. तीन दिवस हेच चाललं. बाईंना कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

चौथ्या सकाळी पाटीखाली काकांच्या पत्नी, काकू, चपला काढत होत्या.

"काकू, उतरू नका. पाणी घाण आहे. मी खोटं लिहिलं." बाईंना रडू फुटलं.

"असं कसं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "पाटी ह्यांनीच लावली ना आत्ता. मला हाक मारून पुढे गेलेत."