पोटावर उतरलेलं विमान

रिव्हेट पुन्हा वाकडा बसला आणि छकूनं हातातली रिव्हेट ठोकायची गन खाली आपटली.

"दादा, आतून ठोकळा सरळ धर म्हटलं ना!"

"सरळच धरलाय," विमानाच्या पोटातून दादाचा आवाज आला. "तुझाच हात तिरका. लहानपणापासूनच आहे."

पन्नाशी उलटलेल्या बाईला छकू म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. आणि या घटकेला त्याला तिथंच आत ठेवून वरून पत्रा ठोकून टाकावा असं तिला वाटत होतं. म्हणे निवृत्त वैमानिक! सगळी हयात आकाशात काढली आणि उतरताना चाकंच बाहेर काढली नाहीत. तेसुद्धा वडिलांच्या विमानाची. ते जुनं विमान शेडमध्ये धूळ खात पडलं होतं. दोघा बहीणभावांनी कित्येक वर्षं सुट्टीचा दिवस सुट्टीसारखा न घालवता ते उभं केलं, उडवलं. आणि या गृहस्थानं ते पोटावर घासत आणलं. वर काय म्हणाला, तर "चाकं विसरलो." जसा काही छत्री विसरला होता.

छकू विमानं दुरुस्त करूनच पोट भरत आली होती, पण जीव लावला तो या एकालाच. बातमी कळून ती पोचली तोवर दादानं विमान लाकडी घोड्यांवर चढवलं होतं आणि नाकावरचा पंखा उतरवून वर्कशॉपला पाठवलासुद्धा होता. "पात्यांचा पार बोळा झाला गं, बघवत नव्हतं," तो म्हणाला. पंखा आपटला म्हणजे इंजिनालाही दणका बसला असणार. तेव्हा तेही उघडणं आलं. छकूनं ते नटबोल्टागणिक सुटं केलं. पंखा फिरवणारा आतला दांडा सुतासारखा सरळ निघाला. नशीब म्हणायचं, असं म्हणत तिनं सगळं परत जोडलं. त्यात तिच्या नाकी नऊ आले. दादा शेजारी स्टुलावर बसून पाने पुढे करत होता, जुने किस्से सांगत होता आणि एकूण मजेत होता. तिचं डोकं जास्त फिरायचं ते त्या मजेनं.

पण रागाच्या खाली भीती होती. वहिनी गेल्यापासून दादा एकटाच राहायचा. त्याचा लांब राहणारा मुलगा दर फोनला एकच सांगत होता, "आत्या, बाबा विसरायला लागलेत. विमान नीट कर, पण किल्ली तुझ्याजवळ ठेव." आज चाकं विसरलेला माणूस उद्या गॅस विसरेल, परवा घराचा रस्ता. हे तिला कळत होतं. पण दादाकडे हात पुढे करून किल्ली मागायची कोणत्या तोंडानं? उडणं काढून घेतलं तर त्याच्याकडे उरणार काय? ती रोज ठरवायची आणि रोज गप्प बसायची.

शेवटी पत्रा बसला, रंगही झाला. आता पंखा तेवढा यायचा होता. आज येईल, उद्या येईल. दादा काही ताकास तूर लागू देईना. एक दिवस वैतागून छकूनं स्वतःच वर्कशॉपला फोन लावला.

"कुठला पंखा, मॅडम?" तिकडचा माणूस म्हणाला. "तुमच्या भावाकडून आमच्याकडे काहीच आलेलं नाही."

म्हणजे पाठवायचंही विसरला, आणि पाठवलाय असं धरून बसलाय.

ती तडक दादाच्या घरी गेली. तो चहा टाकायला आत वळला तसा तिनं माळा पाहिला, गॅलरी पाहिली, कपाटामागची जागा पाहिली. पंखा पलंगाखाली निघाला, रजईत गुंडाळून दोरीनं बांधलेला. तिनं गाठ सोडली, रजई बाजूला केली आणि ती तिथंच फरशीवर बसली.

दोन्ही पाती सरळ होती. त्यांच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

फिरता पंखा जमिनीला लागला की वाकतोच. तो असा वाचवायचा तर एकच उपाय असतो. वर असतानाच इंजिन बंद करायचं, पंखा थांबू द्यायचा, स्टार्टर जरा जरा फिरवून दोन्ही पाती आडवी आणायची आणि मग तसंच तरंगत येऊन विमान पोटावर अलगद टेकवायचं. भल्याभल्यांना जमत नाही हे. आणि ज्याला चाकं आठवत नाहीत, तो हे करायला कशाला जाईल?

दादा दोन कप घेऊन दारात उभा होता.

"तू विसरला नव्हतास," छकू म्हणाली आणि मग तिचा आवाज चढला. "मुद्दाम केलंस! मरायचं होतं का तुला? आणि माझ्याकडून अख्खं इंजिन उघडवून घेतलंस! का?"

दादानं कप टेबलावर ठेवले. तिच्याकडे न बघता तो बोलला.

"विमान उडायला लागलं आणि तू यायची बंद झालीस. मी फोन करायचो. तू विचारायचीस, विमान बरंय ना? मी म्हणायचो, बरंय. की तू फोन ठेवायचीस."

छकूला रडू येत होतं आणि राग तर तसूभरही कमी झाला नव्हता. तिनं पात्याच्या टोकावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"हे टोक वाकलंय," ती रागातच म्हणाली. "मलाच सरळ करावं लागणार. दोन-तीन महिने तरी जातील."