गळतीचा आवाज

चौसष्ट साली अकोल्यात पुंजाजी मिस्त्री ट्रकच्या इंजिनातली धुराची गळती रबरी नळी कानाला लावून शोधत. एका दुपारी त्या फुसफुसण्यात बाईचा मायाळू आवाज आला, “भाकर थंडी होऊन राहिली जी.”

त्यांनी वळून पाहिलं. बायको मनकर्णा डबा घेऊन उभी होती. ती जन्मापासून मुकी होती.

पुंजाजींना कानाची नळी काढवेना. पण तो धूर केबिनमध्ये शिरून ड्रायव्हरला भोवळ येत होती. त्यांनी सांध्यातलं जळालेलं पॅकिंग बदललं, नट आवळले, इंजिन चालू करून पुन्हा ऐकलं. गळती थांबली होती. आवाजही.

त्यांचे डोळे भरले. मनकर्णेनं पदरानं त्यांच्या कपाळाची काजळी पुसली.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. नळी अजून कानालाच होती, दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं.

“आता तरी जेवा जी,” नळीतून तोच आवाज आला.