पाईपचं वय

“नको वाटत असेल तर परत जाऊ आई. अजून आत गेलेलो नाही,” लेक म्हणाली. दुकानाच्या दाराची मूठ तिने धरली होती, पण दार ढकललं नव्हतं.

“नको कशाला वाटेल? चल की,” आई म्हणाली. दार शेवटी तिनेच ढकललं.

आत अरुंद खोली, भिंतीवर बंद पडलेली घड्याळं आणि टेबलामागे दुकानदार. जुन्या वस्तूंचं वय अचूक सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळ्याचं भिंग काढून त्याने माणसाकडे बघितल्याचं कुणाला आठवत नसल्यामुळे सगळे त्याला भिंगवालेच म्हणत.

लेकीने रुमालात गुंडाळलेला, तंबाखू ओढायचा पाईप त्याच्यापुढे ठेवला. “माझ्या बाबांचा आहे. मी वर्षाची असताना आमच्या घराला आग लागली, त्यात ते गेले. त्यांची एवढीच वस्तू आमच्याकडे आहे. हा कधी बनवला असेल, ते हवंय.”

“आग कधीची?”

“पंचवीस वर्षं होतील.”

भिंगवाल्यांनी दिवा जवळ ओढला आणि आईने खुर्चीची कड घट्ट धरली.

हा पाईप तिने भंगारवाल्याकडून आणला होता. लेक शाळेत जायला लागली आणि एके दिवशी विचारती झाली, “बाबांचं आपल्याकडे काहीच कसं नाही?” दुसऱ्याच दिवशी आईने भंगाराच्या ढिगातून त्यातल्या त्यात जुनाट दिसणारा पाईप उचलला आणि ट्रंकेतून काढल्यासारखा करून पोरीच्या हातात ठेवला. पोर तो उशाशी घेऊन झोपायची. त्यात काय बिघडलं? एकटीने वाढवायचं तर अशी थोडी ठिगळं लावावीच लागतात. पण पाईप आगीनंतर बनलेला निघाला तर? एक खोटं उघडं पडलं की लेक बाकीच्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवणार. आणि या लेकीशिवाय तिला जगात कोण होतं?

त्यातून लेकीचंही काहीतरी बिनसलं होतं. मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी ती नेमकी तिचा जन्म झाला त्याच जुन्या शहरात जाऊन आली. “तिथली हवा तुला मानवायची नाही,” म्हणून आईने परोपरीने अडवलं, तरी गेली. आल्यापासून विचारलं तेवढंच बोलायची. प्रवासाची दगदग असेल, अशी आईने मनाची समजूत घातली होती.

“लाकूड उत्तम आहे,” भिंगवाले पुटपुटले. “पण ही तोंडात धरायची रबरी दांडी मूळची नव्हे. नंतरची आहे, बरीच नंतरची.”

“मीच बसवून घेतली,” आई म्हणाली. “जुनी आगीत वितळली होती.”

“हे तू कधी बोलली नाहीस,” लेक म्हणाली.

“लक्षात राहतं का सगळं?”

भिंगवाल्यांनी दांडीचं टोक दिव्याखाली धरलं. “दांडी आगीनंतर बसवली. मग हे दातांचे व्रण कुणाचे? इथे तर कुणीतरी चांगलं चावून ठेवलंय.”

आईने एकवार लेकीकडे पाहिलं.

“हिचेच!” ती एकदम म्हणाली. “दात येत होते तेव्हा हिला. हाती लागेल ते चावायची.”

“एवढे खोल?”

“हट्टी होती हो फार.”

भिंगवाले खो खो हसले. लेक हसली नाही. ती पाईपकडे बघतच नव्हती, ती आईकडे बघत होती. “आई,” ती हळूच म्हणाली, “तू सांगशील ते मी ऐकून घेईन. काहीही असलं तरी.”

“सांगितलं ना? तुझेच दात.”

भिंगवाल्यांनी लाकूड आणि दांडीच्या सांध्यावरची चांदीची कडी घासायला घेतली. “मूळची आहे ही. यावर बारीक अक्षर असतं. दरवर्षी वेगळं अक्षर. म्हणजे जन्मसालच म्हणा ना.”

काळा थर निघता निघत नव्हता. आईने डोळे मिटून घेतले. आता संपलं सगळं, असं तिला वाटलं.

“सापडलं,” भिंगवाले म्हणाले. “आगीच्या आधी दहा वर्षं तरी झाली असतील याला. निर्धास्त राहा.”

आईला हायसं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. ते भिंगवाल्यांना नवऱ्याच्या आठवणीने आल्यासारखं वाटलं आणि ते बिचारे हळवे झाले. “आणखी एक सांगतो, ताई. तंबाखू भरायच्या वाटीची डावीकडची कड करपलीय. काडी डाव्या हातात धरली की अशी करपते. साहेब डावखुरे होते का?”

“अगदी बरोबर!” आई भरभरून म्हणाली. “पक्के डावखुरे. लिहायचे डाव्या हाताने, दाढी करायचे डाव्या हाताने. कपसुद्धा कधी उजव्या हातात धरला नाही.”

लेकीने मान खाली घातली आणि पाईप पुन्हा रुमालात गुंडाळला.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. आईला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. “झालं समाधान?” तिने लेकीचा दंड धरला. “उगाच जिवाला घोर लावलास.”

लेकीने पाईप आईच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन लावली. “आई, आणखी काही सांगायचं राहिलंय का?”

“आता काय राहिलंय, बाळा?”

लेकीने आपला दंड हळूच सोडवून घेतला.

“मागच्या महिन्यात बाबांनी मला चहा करून दिला,” ती म्हणाली, “तेव्हा कप तर त्यांनी उजव्याच हातात धरला होता.”